दडा

डाव्या कानाला दडा बसला तो नोव्हेंबरात.
लियपायाच्या बंदरावर तेव्हा वारा असा
की माणसं वाक्यं अर्धी सोडून घरात शिरतात.
मला वाटलं, वाराच गेला असेल कानात,
निघेल आपणहून.

निघाला नाही.
दोन तारा जेमतेम जुळत आल्या
की त्यांच्यामध्ये एक लाट उठते,
ती मोजत सव्वीस वर्षं पोट भरलं मी.
आता ती भिंतीपलीकडून यायची
शेजारच्या भांडणासारखी:
सूर कळे, शब्द नाही.

कानाच्या डॉक्टरांनी आत उजेड टाकला.
"कान स्वच्छ आहे, व्हेल्गा. पडदा अगदी ठणठणीत."
मग दडा कसला?
ते पुढच्या पेशंटचं नाव वाचू लागले.

श्वासाचं तर कुणाला सांगितलंच नव्हतं.
जिना चढताना नाही, बसल्या जागी
तो गळ्याखाली चार बोटांवर थांबायचा,
अनोळखी घराच्या उंबऱ्यावर
चपला काढाव्यात की नाही, अशा विचारात.

झिग्रीडा मच्छीमारांचे खांदे बसवते,
जाळी ओढून ओढून उखडलेले.
कानात तिनं डोकावलंही नाही.
कानापुढे, जिथे जबड्याची बिजागरी फिरते,
तिथं अंगठा रोवून म्हणाली, "तोंड उघड."
तीन बोटं मावायला हवीत उभी.
माझी दोन मावली, तीही करकरत.

"काय धरतेस गं दातांत?"

मी हसले. मग हसू राहिलं तसंच तोंडावर.

टॉर्च.
उभ्या पियानोच्या पोटात शिरायचं
तर एका हातात किल्ली, दुसऱ्यात नमद्याची पट्टी,
उजेड दातांत.
बाबांचा पितळी टॉर्च.
त्यावर त्यांच्या दातांचे व्रण, त्या व्रणांत माझे.
अकराव्या वर्षी तो माझ्या तोंडात देऊन म्हणाले,
"आता बोलू नकोस. श्वासही घेऊ नकोस. तार ऐक."

ऐकली.
एका पियानोत सव्वादोनशे तारा,
प्रत्येकीपुढे एक रोखलेला श्वास.
संगीतशाळेनं पगार निम्म्यावर आणला,
दातांत टॉर्च होता.
बाबांचे कान गेले, ते बेसूर तारेला
"बस, झाली" म्हणू लागले, तेव्हाही.
रात्री मागच्या दारानं जाऊन
मी त्यांचे पियानो पुन्हा लावत असे,
ते वारले तोवर.
लोक शब्द गिळतात.
मी पितळ चावलं.

"हे बघ," मानेचे दोन ताठ दोर चिमटीत धरून झिग्रीडा म्हणाली,
"छातीचा भाता ओढायचं काम यांचं नाही.
हे फासळ्या वर टांगून बसलेत, म्हणून श्वास उतरत नाही.
आणि जबडा आवळला की शेजारी कान आहे,
त्याला वाटतं, आपल्यालाच दाबलं."

मग हातमोजा घालून गालाच्या आतून दाबलं तिनं.
डोळ्यांतून पाणी आलं. रडणं नव्हतं ते.
असेलही.
"ओठ मिट, दात सोड. जीभ टाळूला."
एवढंच. पण दात सोडायचे कसे,
हे पन्नाशीत शिकावं लागलं.
श्वास बेंबीपर्यंत गेला, चपलांसकट.

कान त्या दिवशी उघडला नाही.
उघडला चौथ्या आठवड्यात, एका म्हातारीच्या घरी,
टप् करून, तारेच्या मध्येच.
पहिल्यांदा ऐकू आलं ते तिच्या स्वयंपाकघरातलं
बिटाचं सूप, उतू जाणारं.
मी ओरडले, "आजी, गॅस!"
काम चालू असताना काढलेला
माझा पहिला शब्द.

आता मासेमारीच्या दुकानातला कपाळदिवा लावते.
पोरं हसतात, खाणकामगार आली म्हणतात.
तारांशी बोलतेही: थोडी खाली आहेस, ये वर.
टॉर्च पेटीच्या तळाशी आहे.

रात्री मात्र झोपेत
कुणीतरी तो पुन्हा तोंडात देतं.
सकाळी आरशासमोर बोटं घालून पाहते.
आज अडीच.